ग्राफिक्स कार्ड घेताना वॉरंटी कशी पारखायची: वर्षं मोजण्याआधी पत्ता विचारा

आरटीएक्स ५०७० घ्यायचं ठरलं की समोर एकाच चिपची कितीतरी खोकी येतात. असुस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, इनोथ्रीडी, गॅलॅक्स, पॅलिट. चिप सगळ्यांत एनव्हिडियाचीच. एएमडीच्या बाजूला सफायर, पॉवरकलर, एक्सएफएक्स यांचंही तेच. गेम खेळताना या कार्डांमध्ये सेकंदाला दोन-चार फ्रेमचा फरक पडतो आणि तोही मोजायला बसलात तरच कळतो. खरा फरक दोनच ठिकाणी असतो. एक म्हणजे कूलर. दुसरं म्हणजे दीड-दोन वर्षांनी स्क्रीनवर रंगीत चौकटी उमटू लागल्या, तर कार्ड घेऊन जायचं कुठे आणि तिथे ते घेतात का. कूलरवर यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत. दुसऱ्या गोष्टीची चौकशी मात्र बहुतेक जण कार्ड बंद पडल्यावर करतात, आणि तोवर हातात फारसं काही उरलेलं नसतं.

माझं मत आधीच सांगतो. चिप तीच आणि किमतीतला फरक दीड-दोन हजारांचा असेल, तर कारखान्यातून ओव्हरक्लॉक होऊन (म्हणजे चिपचा वेग वाढवून) आलेल्या मॉडेलसाठी किंवा दिव्यांसाठी ते पैसे देऊ नका. ज्या ब्रँडचं कार्ड तुमच्या शहरात किंवा जवळच्या मोठ्या शहरात हातात घेणारा माणूस आहे, त्या ब्रँडसाठी द्या. खोक्यावर तीन वर्षं लिहिलं आहे की पाच, हे त्यानंतर बघायचं. ही चौकशी कशी करायची ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: हमी नेमकी कोण देतंय ते शोधा

एनव्हिडिया किंवा एएमडी यांचं नाव खोक्यावर मोठं असलं, तरी असुस-झोटॅकच्या कार्डाची जबाबदारी त्यांच्यावर नसते. ती कार्ड बनवणाऱ्या ब्रँडची असते. एनव्हिडियाची स्वतःची फाउंडर्स एडिशन हा अपवाद, आणि भारतात ती राशी पेरिफेरल्स या वितरकामार्फत विकली जाते. बाकीच्या कार्डांची साखळी अशी असते: ब्रँड, भारतातला आयातदार किंवा डिस्ट्रिब्युटर, मग डीलर, मग तुम्ही. ब्रँडची वेबसाइट तैवान किंवा हाँगकाँगहून चालते, पण तुमचं बंद पडलेलं कार्ड हातात घेणारा अनेकदा इथला आयातदार असतो किंवा त्याने नेमलेली सर्व्हिस कंपनी. एकाच ब्रँडचे दोन आयातदार असले, तर एकाने आणलेलं कार्ड दुसऱ्याकडे अडण्याची शक्यता असते.

म्हणून दुकानात खोकं हातात आलं की पुढची झगझगीत बाजू सोडा आणि तळाला किंवा बाजूला चिकटवलेलं पांढरं लेबल वाचा. वैधमापन कायद्याखालच्या २०११ च्या पॅकबंद वस्तू नियमांनुसार आयात केलेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना आणि वर्ष, सगळे कर धरून कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहकसेवेचा फोन-ईमेल छापलेला असावा लागतो. छपाई बारीक असते, मोबाइलवर फोटो काढून मोठा करून वाचा. या लेबलवरून तीन गोष्टी कळतात: जबाबदार कोण, त्याला गाठायचं कसं, आणि माल किती जुना आहे. तोच पत्ता ब्रँडच्या भारतीय पानावर आहे का, हेही पाहा.

लेबलच नसेल तर ते कार्ड बहुधा अधिकृत मार्गाने आलेलं नाही. अशी कार्डं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये आणि ऑनलाइन बाजारातही मिळतात, आणि स्वस्त मिळतात. दुकानदार म्हणतो, ‘वॉरंटी माझी, माझ्याकडे या.’ तो प्रामाणिक असेलही. पण मग ती हमी एका दुकानाची आहे, ब्रँडची नाही, हे समजून किंमत ठरवा.

दुसरी पायरी: तुमच्या गावात कार्ड कोण घेतं

सगळ्यांत जास्त वेळ इथे घालवा. ब्रँडच्या वेबसाइटवर भारतातल्या केंद्रांची यादी असते, पण त्या यादीवर थांबू नका. फोन लावा. यादीतल्या काही ठिकाणी लॅपटॉप आणि मोबाइलच घेतात, ग्राफिक्स कार्ड घेत नाहीत. काही ठिकाणं फक्त संकलन केंद्रं असतात. तिथे कार्ड जमा होतं आणि तपासणीला मुंबई, दिल्ली किंवा बंगळुरूला जातं. संकलन केंद्र असणं वाईट नाही. सोलापूरच्या माणसाला गावातच जमा करता आलं, पावती मिळाली आणि पुढची वाहतूक कंपनीने केली, तर त्याचं काम झालं. अडचण होते ती ‘तुम्हीच कुरिअरने पाठवा’ म्हणणाऱ्यांकडे. दोन-तीन पंख्यांचं कार्ड जड असतं, ते नीट बांधून विमा उतरवून पाठवावं लागतं, आणि वाटेत पीसीबी, म्हणजे कार्डाची सर्किटची पाटी, तडकली तर दोष कोणाचा यावर वाद होतो.

फोनवर हे विचारा, आणि तेच ईमेलने लिहूनही पाठवा:

– या मॉडेलचं कार्ड माझ्या शहरात जमा करता येतं का? नाहीतर सर्वांत जवळचं केंद्र कुठलं?
– वॉरंटी कशावर धरता, बिलाच्या तारखेवर की सीरियल नंबरवर?
– जाण्याचा आणि येण्याचा कुरिअर खर्च कोणाचा?
– दुरुस्त करून देता की बदलून? बदलून दिलं तर नवं की रिफर्बिश्ड (दुरुस्त केलेलं जुनं)?
– तेच मॉडेल उपलब्ध नसेल तर काय देता?
– सर्वसाधारणपणे किती दिवस लागतात?

ईमेल दोन कारणांसाठी. उत्तर लेखी राहतं हे पहिलं. दुसरं, आणि मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते, म्हणजे तुम्ही अजून पैसे दिलेले नसताना कंपनी ग्राहकाशी कशी वागते याची परीक्षा फुकटात होते. ज्या ब्रँडकडून आठवडाभरात नुसती पोच येते आणि उत्तर येत नाही, त्याच्याकडून बंद कार्डाबद्दल चटकन उत्तर येईल अशी आशा धरायला कारण नाही. दोन-तीन ब्रँडना एकच मजकूर पाठवा आणि उत्तरं शेजारी ठेवून वाचा. अशी शेजारी ठेवलेली उत्तरं दहा रिव्ह्यूंपेक्षा जास्त सांगतात.

आपल्या शहरातल्या एखाद्या जुन्या डीलरलाही विचारा. प्रश्न ‘कुठला ब्रँड चांगला?’ असा नको, कारण त्याचं उत्तर स्टॉक बघून येतं. ‘गेल्या वर्षी तुमच्याकडून आरएमएला गेलेल्यांपैकी कुठल्या ब्रँडची कार्डं लवकर परत आली?’ असं विचारा. आरएमए म्हणजे बिघडलेला माल हमीखाली कंपनीकडे परत पाठवणं.

तिसरी पायरी: वर्षांचा हिशेब

भारतात बहुतेक ब्रँडची मूळ हमी तीन वर्षांची असते. वरची वर्षं मुख्यतः नोंदणीवर मिळतात. झोटॅकची पाच वर्षं ही मूळ तीन आणि नोंदणी केल्यास दोन अशी असतात. गिगाबाइटच्या ऑरस मालिकेत नोंदणीवर चौथं वर्ष मिळत आलं आहे. नोंदणीची मुदत खरेदीपासून साधारण महिन्याभराची असते आणि ती चुकली की वाढीव वर्षं गेली, मागाहून विनंती चालत नाही. कार्ड घेण्याआधी त्या मॉडेलचं पान उघडून पाहा, कारण योजना मॉडेलनुसार आणि देशानुसार बदलतात. अमेरिकेच्या पानावरची वर्षं वाचून पुण्यात खरेदी करू नका.

मोजणी कधीपासून सुरू होते हेही पाहा. बिलाची तारीख धरणारा ब्रँड चांगला. सीरियल नंबरवरून, म्हणजे उत्पादनाच्या तारखेवरून मोजणाऱ्याकडे सहा महिने गोदामात पडलेलं कार्ड घेतलंत, तर तुमची तीन वर्षं अडीचच असतात. बरेच ब्रँड बिल असेल तर बिल धरतात, नसेल तर सीरियलवर जातात. बदलून मिळालेल्या कार्डाला सहसा मूळ हमीचा उरलेला काळच लागू होतो.

लांब मुदतीचं वचन पाळायला कंपनी त्या धंद्यात असावी लागते. अमेरिकेत ईव्हीजीए हा सेवेबद्दल सर्वांत नावाजलेला ब्रँड होता. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांनी ग्राफिक्स कार्डांचा व्यवसायच बंद केला. जुन्या ग्राहकांची हमी पाळू असं त्यांनी जाहीर केलं, पण कार्डांची नवी पिढी त्यांच्याकडे आलीच नाही. म्हणून भारतात नुकताच आलेला ब्रँड पाच वर्षं देत असेल आणि तुमच्या शहरात वर्षानुवर्षं केंद्र असलेला तीन, तर मी तीनवाल्याकडे जाईन.

चौथी पायरी: कशावरून नाकारतात ते वाचा

हमीपत्रातला ‘यांना लागू नाही’ हा भाग सर्वांत लहान अक्षरात असतो आणि सगळे वाद तिथूनच होतात. काउंटरवर काय घडतं ते लक्षात घेतलं की तो भाग नीट समजतो. तिथला माणूस कार्ड लगेच संगणकात लावत नाही. आधी सीरियल नंबरचं स्टिकर बिलाशी जुळवतो. मग मागच्या ब्रॅकेटवर, एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टच्या कडांवर गंज आहे का पाहतो. मग स्लॉटमध्ये जाणारी सोनेरी पट्टी तिरकी धरून ओरखडे आणि काळे डाग बघतो. त्या पट्टीशेजारच्या खाचेपाशी पीसीबीला चीर आहे का, पॉवर कनेक्टरचं प्लास्टिक वितळलं आहे का, एखादा कपॅसिटर उडाला किंवा जळाला आहे का, स्क्रूवरचं स्टिकर शाबूत आहे का. यातलं काही सापडलं तर कार्ड तिथेच परत मिळण्याची शक्यता मोठी.

गंजाचा मुद्दा मुंबई, रत्नागिरी, मालवण, पणजी इथल्या वाचकांनी मनावर घ्यावा. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस ब्रॅकेटवर वर्षभरातही डाग पाडू शकतो, आणि भारतातल्या बऱ्याच हमीपत्रांत गंज हे नाकारण्याचं कारण असतं. कार्डाबरोबर बऱ्याचदा पोर्टवर लावलेली प्लास्टिकची टोपणं येतात. न वापरलेल्या पोर्टवर ती तशीच राहू द्या. सोनेरी पट्टीचं आवरण खोक्यात जपून ठेवा, कार्ड पाठवताना लागतं. संगणक उघड्या खिडकीपाशी ठेवू नका, आणि पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे बंद पडू देऊ नका.

चिरेचं कारण वजन. जड कार्डाला खालून आधार द्या. संगणक टेम्पोतून, एसटीतून किंवा गाडीच्या डिकीतून न्यायचा असेल तर कार्ड काढून वेगळं न्या. चीर पडली की तो ग्राहकाचा दोष धरला जातो.

पॉवर कनेक्टरची गोष्ट वेगळी आहे. आरटीएक्स ४०९० ऑक्टोबर २०२२ मध्ये बाजारात आलं आणि त्याच महिन्यात १६ पिनांचे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. एनव्हिडियाने नोव्हेंबरमध्ये सांगितलं की प्लग पूर्ण आत न बसणं हे त्यातलं मुख्य कारण दिसतं, पण केबल किंवा कार्ड कुठलंही असलं तरी बदलून देण्याची प्रक्रिया वेगाने करू. मोठा गाजावाजा झाल्यावर असं घडतं. एरवी जळाल्याची खूण म्हणजे ग्राहकाची चूक, असंच काउंटरवर धरलं जातं. तुम्ही १६ पिनांचं कार्ड घेत असाल तर ‘कनेक्टर वितळल्यास हमी लागू होते का, आणि पॉवर सप्लायच्या कंपनीची मूळ केबल वापरली तर चालते का’ हा प्रश्न ईमेलमध्ये जोडाच. प्लग बसवल्यावर तो टोकापर्यंत गेल्याचा जवळून फोटोही काढून ठेवा.

स्क्रूवरचं स्टिकर: अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने जुलै २०२४ मध्ये एएसरॉक, झोटॅक आणि गिगाबाइटला अशा ‘काढल्यास वॉरंटी रद्द’ स्टिकरबद्दल इशारापत्रं पाठवली. तो अमेरिकेतला कायदा आहे, त्याचा आधार इथल्या काउंटरवर चालणार नाही. थर्मल पेस्ट (चिप आणि कूलरच्या मधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदलायची असेल तर आधी लेखी परवानगी मागा, नाहीतर हमी संपेपर्यंत थांबा.

पाचवी पायरी: हातात परत काय येतं

हमी मान्य झाली म्हणजे नवं कार्ड मिळालं असं नाही. पहिला पर्याय दुरुस्ती, दुसरा दुरुस्त केलेलं दुसरं कार्ड, तिसरा त्याच दर्जाचं वेगळं मॉडेल. स्टॉकच नसला तर काही ठिकाणी पैसे किंवा क्रेडिट नोट देतात, आणि त्यात वापरलेल्या काळाचा घसारा कापतात. दोन वर्षं जुन्या कार्डाची अर्धीच किंमत हातात ठेवली तर त्यात आज तसंच कार्ड येईल का, याचा विचार आधी करा. ‘घसारा कापता का, कुठल्या दराने?’ हा प्रश्न विचारला की फोनवरचा माणूस अनेकदा वरिष्ठांना विचारून सांगतो म्हणतो. उत्तर येईपर्यंत थांबा. ते न विचारता घेतलेल्या पाच वर्षांच्या हमीचं शेवटच्या वर्षी नेमकं मोल किती, हे तुम्हाला कळतच नाही.

सहावी पायरी: बिल

जीएसटी बिलच घ्या. त्यावर मॉडेलचं पूर्ण नाव आणि सीरियल नंबर छापून घ्या, आणि तो खोक्यावरच्या आणि कार्डावरच्या नंबराशी दुकानातच जुळवा. कच्च्या बिलावर हजार-दीड हजार वाचतात, पण मग तुमच्याकडे खरेदीचा पुरावा राहत नाही. ऑनलाइन घेताना प्लॅटफॉर्मचं नाव महत्त्वाचं नसतं, विक्रेत्याचं असतं. तो ब्रँडचा अधिकृत विक्रेता आहे का हे ब्रँडलाच विचारा. बिलाची पीडीएफ त्याच दिवशी उतरवून ईमेलमध्ये ठेवा.

फ्रीलान्स व्हिडिओ एडिटर, थ्रीडी कलाकार आणि आर्किटेक्ट यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. फर्मच्या नावावर, फर्मचा जीएसटी नंबर टाकून बिल घेतलं की इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे भरलेला जीएसटी तुमच्या देय करातून वजा होतो. मात्र ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक कारणासाठी वस्तू घेणारा ‘ग्राहक’ धरला जात नाही. स्वयंरोजगारातून स्वतःचा चरितार्थ चालवण्यासाठीच वस्तू घेतली असेल तर सूट आहे, पण ती सिद्ध करावी लागते. एकट्याने काम करत असाल तर कर वाचवायचा की ग्राहकाचा हक्क निर्विवाद ठेवायचा, हे बिल बनण्याआधी ठरवा.

सातवी पायरी: पहिले काही दिवस

सील तोडण्यापासून कार्ड बसवेपर्यंत न थांबवता व्हिडिओ काढा. सीरियल स्टिकर, ब्रॅकेट, सोनेरी पट्टी, कनेक्टर यांचे उजेडात फोटो घ्या. नोंदणी त्याच संध्याकाळी उरकून टाका आणि पोचीचा ईमेल जपा.

मग कार्डावर ताण द्या. परत करण्याची मुदत संपायच्या आत दोष सापडला तर आरएमएच्या वाटेला जावंच लागत नाही. ओसीसीटी या प्रोग्रॅममधली व्हीरॅमची (कार्डावरच्या मेमरीची) चाचणी चालवा, तासभर जड गेम खेळा, पंख्यांचा आवाज आणि तापमान बघा. कार्डाची माहिती दाखवणारा जीपीयू-झेड हा प्रोग्रॅम उघडून आकडे त्या मॉडेलच्या जाहीर आकड्यांशी जुळवा. ही नुसती औपचारिकता नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये काही आरटीएक्स ५०९०, ५०८० आणि ५०७० टीआय कार्डांत आरओपी हे चिपमधले चित्राचे अंतिम पिक्सेल तयार करणारे घटक आठने कमी असल्याचं उघड झालं. ५०९० मध्ये १७६ हवेत, ५०८० मध्ये ११२, ५०७० टीआयमध्ये ९६. एनव्हिडियाने दोष मान्य केला, तो अर्ध्या टक्क्याहून कमी कार्डांत असल्याचं सांगितलं आणि बदलीसाठी कार्डाच्या कंपनीकडे जायला सांगितलं. कार्ड चालत होतं, गेमही चालत होते. आकडा बघितला त्यांनाच ते कळलं.

जुनं कार्ड, परदेशातलं कार्ड

सेकंडहँड घेताना मूळ बिल मिळत नसेल तर हमी शून्य धरून किंमत करा. बिल असेल तर सीरियल नंबर देऊन ब्रँडकडून उरलेली मुदत लेखी घ्या आणि हमी दुसऱ्या मालकाला लागू होते का, तेही विचारा. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे ग्राफिक्स कार्डं रात्रंदिवस चालवून ते चलन मिळवणं, थांबलं आणि त्यानंतर मायनिंगमध्ये वापरलेली कार्डं मोठ्या संख्येने बाजारात आली. अनेक ब्रँड अशा वापराला हमी नाकारतात.

अमेरिकेतल्या भावाने सुट्टीत येताना आणलेलं कार्ड स्वस्त पडतं, पण ग्राफिक्स कार्डांची हमी बहुतेक त्या देशापुरती असते. बिघडलं तर ते परत तिकडे न्यावं लागतं, म्हणजे पुढच्या सुट्टीची वाट पाहायची. युरोपीय संघात राहणाऱ्यांना कायद्यानेच विक्रेत्याकडे किमान दोन वर्षं दाद मागता येते. तिथे ब्रँडच्या आधी दुकान गाठा.

नकार मिळाला तर

काउंटरवरचा तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. जॉबशीटवर, म्हणजे केंद्राच्या नोंदपावतीवर, कारण लिहून मागा, आणि कार्ड त्याच जागी, त्याच अवस्थेत फोटोत घ्या. पहिल्या दिवशीचे फोटो इथे उपयोगी पडतात: गंज किंवा ओरखडा आधी नव्हता, किंवा आधीपासूनच होता, हे दोन्ही त्यावरून दाखवता येतं. मग आयातदार आणि ब्रँड दोघांना एकाच ईमेलमध्ये धरून लिहा. ऑनलाइन खरेदी असेल तर प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्यालाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे बिलावर छापलं म्हणून सदोष माल परत घेण्याची जबाबदारी संपत नाही. असा नकार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेत मोडतो.

त्यानेही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, मराठीतही बोलता येतं. बऱ्याच कंपन्या या टप्प्यावर प्रतिसाद देतात. पुढची जागा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय दिल्लीत असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल होते. मुंबईत असाल तर मुंबई ग्राहक पंचायतीकडे मार्गदर्शन मिळतं. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. सोबत बिल, नोंदणीची पोच, खरेदीआधीचा ईमेल व्यवहार, पहिल्या दिवशीचे फोटो आणि नकाराची जॉबशीट तारखेच्या क्रमाने लावा. कुरिअरचा खर्च मागणार असाल तर तो वेगळा दाखवा आणि त्याच्या पावत्या जोडा.